बर्निनाची रेल्वे सहल: तीन दिवसांची आखणी कोणत्या क्रमाने करावी

झ्युरिकला राहायला आल्यापासून दर मार्चमध्ये मला नातेवाइकांचे फोन येतात. सुर एकच असतो: "अरे, ती लाल गाडी फुल्ल झाली, आता काय करायचं?" लाल गाडी म्हणजे स्वित्झर्लंडमधून इटलीत जाणारी बर्निना एक्स्प्रेस. गाडी फुल्ल झालेली नसते. तिच्यातले मोठ्या काचांचे पॅनोरमा डबे भरलेले असतात. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून साधारण दर तासाला दुसरी लाल गाडी जाते आणि तिला आरक्षण लागत नाही. पण हे कळेपर्यंत कोणी विमानाची तारीख बदलून बसलेलं असतं, तर कोणी एजंटाकडून दुप्पट पैशांत "कन्फर्म सीट" घेतलेली असते.

चुका बहुतेक एकाच कारणाने होतात. आपण आधी गाडीची सीट पकडतो आणि मग तिच्याभोवती तारखा, मुक्काम, व्हिसा बसवत जातो. क्रम नेमका उलटा हवा. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. उदाहरण एकाच मार्गाचं घेतलं आहे, स्वित्झर्लंडमधलं कूर ते इटलीतलं टिरानो. आल्प्समधल्या इतर छोट्या रेल्वे सहलींनाही हाच क्रम चालतो.

टप्पा १: गाडीचं नाव आणि मार्ग पक्का करा

सगळ्यात महाग चूक इथेच होते. "ग्लेशियर एक्स्प्रेस" आणि "बर्निना एक्स्प्रेस" या दोन वेगळ्या गाड्या आहेत. ग्लेशियर झेरमाटहून सेंट मोरिट्झला जाते, सुमारे आठ तास घेते, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत बंद असते. बर्निना कूरहून टिरानोला जाते, चार तासांच्या आसपास घेते आणि बारा महिने धावते. हाताशी दोन-तीन दिवसच असतील तर बर्निना घ्या. आठ तास एका खुर्चीत बसून डोंगर बघणं ऐकायला छान वाटतं, पण पाचव्या तासाला सगळा डबा पेंगत असतो.

कूर ते टिरानो हा मार्ग १४४ किलोमीटरचा आहे. त्याचे दोन भाग मनात वेगळे ठेवा, कारण पुढची सगळी आखणी त्यावर आहे. पहिला भाग आल्बुलाचा: कूरहून टीफेनकास्टेल, फिलिझूर, बेर्ग्युन, प्रेडा करत सेंट मोरिट्झच्या पठारावर चढणारा. पूल आणि बोगद्यांची करामत या भागात. दुसरा भाग बर्निनाचा: सेंट मोरिट्झहून २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सियो बर्निना स्थानकापर्यंत चढून पलीकडे ४२९ मीटरवरच्या टिरानोत उतरणारा, ६१ किलोमीटर. हिमनद्या आणि तळी या भागात. गाडी इतकी हळू का, असं विचारणाऱ्यांसाठी: कर्जत-लोणावळा घाटात चढ ३७ला १ आहे, तिथे मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) लावावी लागतात. इथे तो १४ला १पर्यंत जातो, आणि दातेरी रूळही नाहीत.

नावाबद्दल आणखी एक. कूर हे गाव सी-एच-यू-आर असं लिहितात. फलाटावरच्या घोषणेत "कूर" ऐकू येतं आणि मंडळी "चूर" कधी येणार म्हणून बसून राहतात.

*सावध:* कूरहून सुटणारी बर्निना एक्स्प्रेस सेंट मोरिट्झला जात नाही. ती सामेदानहून पोंत्रेझिनाकडे वळते. हॉटेल सेंट मोरिट्झला आणि आरक्षण कूर-टिरानोचं असेल तर मधे गाडी बदलावी लागेल. फार त्रासाचं नाही, पण आधी माहीत हवं.

टप्पा २: महिना आणि दिवसाचा उजेड

तारीख ठरवताना आपण मुलांची सुट्टी बघतो. ठीकच आहे, पण मेच्या सुट्टीत गेलात तर काय दिसेल ते आधी समजून घ्या. एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत इथे मधला हंगाम असतो. खाली हिरवं, वर विरघळणारं मळकट बर्फ, ओस्पित्सियोजवळचं लागो बियांको तळं बहुधा अजून गोठलेलं. बरीच हॉटेलं आणि रोपवे त्या काळात देखभालीसाठी बंद असतात. गाडी चालू असते, प्रवास होतो, पण सेंट मोरिट्झच्या रस्त्यावर संध्याकाळी कुत्रंही दिसत नाही. माझ्या काही पाहुण्यांना हेच आवडलं, काहींना फसवल्यासारखं वाटलं. जूनचा दुसरा पंधरवडा जमत असेल तर तो घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये हवा चांगली असली की बर्निना भागातल्या काही साध्या गाड्यांना उघडे पिवळे डबे जोडतात. मुलं असतील तर हे महिने. ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास सेंट मोरिट्झभोवतालच्या एंगाडिन खोऱ्यातले लार्च वृक्ष सोनेरी होतात. गर्दी कमी असते, हवा स्वच्छ असते. मला विचाराल तर हाच काळ. दिवाळी लवकर आली तर शाळेची सुट्टीही त्याला जवळपास गाठते. बर्फच हवं असेल तर जानेवारी ते मार्च.

हिवाळ्यात उजेडाचा हिशेब महिन्यापेक्षा महत्त्वाचा. डिसेंबरात साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळतो आणि दरीत तर त्याच्याही आधी सावली पडते. टिरानोहून दुपारी तीनची परतीची गाडी धरली तर घाटमाथ्यावर पोचेपर्यंत काळोख असतो आणि मोठ्या काचांत फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. नोव्हेंबर ते जानेवारीत घाटाचा भाग सकाळी दहा ते दुपारी तीन यातच बसवा.

*तपासा:* स्विस रेल्वेचं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्याच्या सुमारास एका रविवारी बदलतं. डिसेंबरअखेरच्या सहलीसाठी जुन्या वेळापत्रकावरून आखणी करू नका. रुळांच्या कामांसाठी काही दिवस मधल्या टप्प्यात बस लावतात, तेही रेल्वेच्या अॅपमध्ये तुमची तारीख टाकल्यावरच दिसतं.

टप्पा ३: मुक्काम कुठे, किती

झ्युरिकहून सकाळी निघून टिरानोला जाऊन रात्री परत, हा बेत नकाशावर जमतो. एका बाजूला जवळपास सहा तास. म्हणजे बारा तास गाडीत, आणि टिरानोत एक पिझ्झा. आई-वडील बरोबर असतील तर हा बेत विसरा.

दोन रात्री, तीन दिवस हे माप बरोबर बसतं. पहिला दिवस झ्युरिक ते आल्बुला भाग, रात्री वरच्या पठारावर. दुसरा दिवस पूर्ण बर्निना भाग. तिसरा दिवस परत झ्युरिक किंवा पुढे मिलान. मुक्कामाचं गाव निवडताना सगळे सेंट मोरिट्झ टाइप करतात, कारण तेवढंच नाव ऐकलेलं असतं. पोंत्रेझिना आणि सामेदान ही गावं गाडीने दहा-एक मिनिटांवर आहेत, दोन्ही याच जाळ्यावर आहेत आणि बहुतेक वेळा स्वस्त पडतात. स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांत असलेलं हॉटेल घ्या. डोंगरातल्या गावात "स्थानकापासून ८०० मीटर" म्हणजे कधी कधी सगळा चढ असतो.

दुसऱ्या रात्रीसाठी एक पर्याय मी आग्रहाने सुचवतो: पोस्कियावो. घाटाच्या पलीकडे, पण अजून स्वित्झर्लंडमध्येच असलेलं, इटालियन बोलणारं गाव, १०१४ मीटरवर. तिथे राहिलात तर टिरानो तासाच्या आत येतं आणि घाट दोनदा, वेगवेगळ्या उजेडात बघायला मिळतो.

हॉटेल बुक करताना दोन गोष्टी विचारा. एक, पाहुण्यांना स्थानिक बस-गाडीचं मोफत कार्ड मिळतं का. या भागात अनेक हॉटेलं देतात. दोन, रद्द करण्याची अंतिम तारीख. व्हिसा हातात येईपर्यंत फक्त रद्द करता येणारी खोलीच घ्या.

टप्पा ४: व्हिसा आणि कागद

मार्ग इटलीत संपतो म्हणून दोन व्हिसा लागतात का, हा प्रश्न नेहमी येतो. नाही. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, एकच व्हिसा पुरतो, एकदाच प्रवेशाचा असला तरी. पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे रात्री मोजून ठरतं. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री समसमान असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. स्वित्झर्लंडला दोन रात्री आणि पुढे इटलीत पाच, असा बेत असताना स्विस अर्ज केला की गाडी तिथेच अडते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तर हवाच, पण उन्हाळ्यासाठी भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध हवा.

*सावध:* टिरानोला "नुसतं जेवून येतो" म्हणून निघताना पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवू नका. सीमा ओलांडतानाही गाडीत पोलीस कागद बघू शकतात. शिवाय स्विस ई-तिकीट नावावर असतं, टीसी ओळखपत्र मागू शकतो. पासपोर्ट अंगावर.

टप्पा ५: तिकीट आणि जागा, दोन वेगळ्या वस्तू

भारतात तिकीट काढलं की डबा-सीट नंबर त्यातच येतो, नाहीतर वेटिंग. त्या सवयीमुळे इथे गोंधळ होतो. इथे तिकीट म्हणजे मार्गाचं भाडं. जागेचं आरक्षण ही त्यावर वेगळी, वेगळ्या पैशांची पावती. साध्या गाडीला पहिलं पुरतं. पॅनोरमाच्या बर्निना एक्स्प्रेसला दोन्ही लागतात.

यातून दोन्ही प्रकारच्या चुका होतात. काही जण फक्त आरक्षण घेतात आणि समजतात की प्रवासाचे पैसे भरले. टीसी येतो, हसतमुखाने पूर्ण भाडं आणि वर दंड सांगतो. काही जणांकडे स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ठरावीक दिवस देशभर फिरण्याचा पास, असतो आणि ते समजतात की त्यात सगळं आलं. पासमध्ये भाडं येतं, टिरानोपर्यंतचं सुद्धा. पॅनोरमाची जागा येत नाही.

आता मूळ प्रश्न: पॅनोरमा हवीच का? माझं मत स्पष्ट आहे. एकदा, एका दिशेने, आणि तेही आई-वडिलांना चढ-उतार नको असेल तर. बाकी वेळी साधी गाडी. पॅनोरमाच्या काचा उघडत नाहीत, फोटोत डब्यातल्या दिव्यांची प्रतिबिंबं येतात, आणि तुम्ही त्या एका गाडीला बांधलेले असता. साध्या गाडीच्या जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली सरकतात, वाटेल तिथे उतरून तासाभराने पुढची गाडी धरता येते. "साधी" या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर जनरल डबा येतो, म्हणून सांगतो: स्वच्छ, गरम, शौचालय असलेला डबा, बसायला गादीची सीट, आणि शनिवार-रविवार सोडले तर बहुधा खिडकीही मिळते. दुसरा वर्ग पुरेसा आहे. खिडकीबाहेर दोन्ही वर्गांना एकच डोंगर दिसतो.

अॅपमध्ये दोन्ही कशा ओळखाव्यात? पॅनोरमा गाडीपुढे पीई ही अक्षरं असतात. साध्या गाड्यांपुढे आर, आरई किंवा आयआर. पीईवर बोट ठेवलंत की आरक्षण लागणार.

आता तिकिटाचा हिशेब. आकडे बदलत राहतात, म्हणून गोळाबेरीज सांगतो, खात्री तुम्ही करा. दुसऱ्या वर्गाचं पूर्ण भाडं कूर-टिरानोला साधारण साठ-सत्तर फ्रँक, झ्युरिक-कूरला चाळीसच्या आसपास. म्हणजे झ्युरिकहून टिरानो एका बाजूला शंभरच्या थोडं वर. तीन दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास अडीचशेच्या आसपास जातो. त्यावरून:

झ्युरिकहून जाऊन परत येणार असाल, मधे एखाद्या ठिकाणी उतरून फिरणार असाल, झ्युरिकच्या ट्राम-बस वापरणार असाल, तर पास परवडतो. १६ वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर नक्कीच, कारण पासबरोबर मागितलेल्या फॅमिली कार्डावर आई किंवा वडिलांसोबत ती फुकट जातात. सहा वर्षांखालच्यांना तसंही तिकीट नाही. मात्र कार्ड पास घेतानाच मागावं लागतं, ते आपोआप येत नाही.

टिरानोहून पुढे मिलानला जाणार असाल तर पास बहुधा वाया. सुटी तिकिटं घ्या, किंवा स्वित्झर्लंडात आणखी काही दिवस फिरणार असाल तर महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड घेऊन अर्ध्या भाड्यात फिरा. टिरानोच्या पुढे इटलीची रेल्वे सुरू होते, तिथे स्विस पास चालत नाही.

*सावध:* सवलतीचं "सुपरसेव्हर" तिकीट एका ठरावीक गाडीचंच असतं आणि परत होत नाही. ते घेऊन मधे फिलिझूरला उतरलात तर पुढच्या गाडीला ते चालणार नाही. साधं तिकीट त्या दिवशी त्या मार्गावर कुठल्याही गाडीला चालतं, मधे उतरलात तरी. या सहलीत स्वस्त तिकिटापेक्षा मोकळं तिकीट जास्त कामाचं.

हवेचं कारणही त्यात आहे. बर्निना घाट म्हणजे पाणलोटाची रेघ. घाटमाथ्यावर दोन तळी शेजारी शेजारी आहेत. लेज नाईरचं पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांतून काळ्या समुद्राला जातं, लागो बियांकोचं पो नदीतून एड्रियाटिकला. ढगही असेच वाटून घेतात. उत्तरेला पाऊस आणि पोस्कियावोत लख्ख ऊन, किंवा नेमकं उलट, हे नेहमीचं आहे. सकाळी उठून घाटावरचा वेबकॅम बघून "आज जाऊ" किंवा "उद्या जाऊ" म्हणता येणं, ही सोय पॅनोरमाच्या आरक्षणात नाही.

दहा किंवा जास्त जणांचा गोतावळा असेल तर साध्या गाडीलाही गट म्हणून आधी नोंदणी करा. नाहीतर सगळे वेगवेगळ्या डब्यांत विखुरतात आणि मग खाऊची पिशवी नेमकी कोणाकडे, हे शोधण्यात या मार्गावरचा प्रसिद्ध लांडवासर पूल निघून जातो.

*तपासा, पैसे भरण्याआधी:* व्हिसा आला का? गाडीपुढे पीई आहे की नाही? पीई असेल तर भाडं आणि आरक्षण दोन्ही आहेत का? दोन्हींवर तारीख एकच आहे का?

टप्पा ६: सामान, कपडे, खाणं

भारतातून आलेल्या दोन मोठ्या बॅगा या गाडीत आणू नका. पॅनोरमा डब्यांत सामानाला जागा मोजकी आहे आणि सीटखाली काही जात नाही. मोठ्या बॅगा झ्युरिकच्या हॉटेलात किंवा स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवा, तीन दिवसांची एक पाठीवरची पिशवी घ्या. मिलानला पुढे जाणार असाल तर हे जमणार नाही. मग निदान माणशी एकच बॅग, स्वतःला उचलता येईल अशी.

कपडे थरांत. टिरानो ते ओस्पित्सियो यांत १८०० मीटरहून जास्त उंचीचा फरक आहे, म्हणजे कळसूबाईच्या पूर्ण उंचीपेक्षाही अधिक. जुलैत टिरानोत घाम येत असतो आणि वर उतरलात की वाऱ्याने दात वाजतात. पातळ जॅकेट हाताशी हवं, बॅगेच्या तळाशी नको.

गाडीत पँट्री नाही. पॅनोरमात कधी खाण्यापिण्याची ढकलगाडी फिरते, साध्या गाडीत तीही नाही. आपलं खाणं खायला कोणाची हरकत नसते, तेव्हा थेपले, चटणी-पोळी, चकली जरूर घ्या. पण दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून स्वित्झर्लंडात आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, खवा, तुपाचा डबा घरीच ठेवा. रविवारी गावातली दुकानं बंद असतात. झ्युरिक, कूरसारख्या मोठ्या स्थानकांतली उघडी असतात. पाणी विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पाणी पिण्याचंच आहे.

टप्पा ७: प्रवासाचे दोन दिवस

पहिला दिवस, झ्युरिक ते पठार. झ्युरिकहून कूर साधारण सव्वा तास. या गाडीत डावीकडे बसा, आधी झ्युरिकचं तळं आणि मग वालेनझे तळं त्याच बाजूला आहे. कूरला गाडी बदलायला वेळापत्रकात काही मिनिटंच असतात. घाबरू नका, पण रेंगाळूही नका. कूरला आरोझाला जाणारी गाडीही लालच आहे आणि ती स्थानकासमोरच्या चौकातून सुटते. रंगावर जाऊ नका, डब्यावरच्या पाटीवर सेंट मोरिट्झ वाचा.

कूरहून पुढे उजवी खिडकी, आणि जमलं तर मागचा डबा, म्हणजे वळणावर आपलीच गाडी पुढे दिसते. टीफेनकास्टेल गेलं की फोन बाहेर काढून ठेवा. दहा-एक मिनिटांत लांडवासर पूल येतो: ६५ मीटर उंच, १३६ मीटर लांब, सहा कमानींचा, आणि संपतो तो थेट उभ्या कड्यातल्या बोगद्यात. सगळं अर्ध्या मिनिटात होतं. जे आधीपासून व्हिडिओ चालू ठेवत नाहीत त्यांच्याकडे बोगद्याच्या अंधाराचा व्हिडिओ असतो.

गाडीतून पूल दिसतो त्यापेक्षा खालून चांगला दिसतो, ही गोष्ट बहुतेकांना परत गेल्यावर कळते. मोकळं तिकीट असेल तर फिलिझूरला उतरा. खुणांच्या पाट्या धरून अर्धा-पाऊण तास चाललं की पूल समोर येतो. दर तासाला दोन्ही बाजूंनी गाड्या जातात, फार थांबावं लागत नाही.

फिलिझूरनंतर बेर्ग्युन. इथून प्रेडापर्यंत गाडी सुमारे ४१५ मीटर चढते, आणि अरुंद दरीत तेवढा चढ घ्यायला ती डोंगराच्या पोटात गोल गोल फिरते. बेर्ग्युनचं चर्च कधी उजवीकडे, कधी डावीकडे, दर वेळी थोडं खाली दिसतं. या पट्ट्यात बाजू बदलत राहा, एका खिडकीला चिकटून बसण्यात अर्थ नाही. प्रेडानंतर मोठा बोगदा, आणि बाहेर पडलात की खोरं, भाषा, घरांची ठेवण सगळं बदललेलं.

दुसरा दिवस, घाट. सकाळी वेबकॅम. ढग डोंगराला चिकटलेले असतील तर एक-दोन तास उशिरा निघा. पोंत्रेझिनाहून टिरानोकडे पुन्हा उजवी बाजू. मोर्तेराच स्थानकानंतर गाडी एक मोठं वळण घेते तिथे हिमनदी समोर उभी राहते. मग पठार, मग लागो बियांको, सगळं उजवीकडे. पोस्कियावोचं तळं मात्र डावीकडे येतं, तोवर कोणाशी तरी जागा बदलून घ्या.

एकदा उतरायचंच असेल तर ओस्पित्सियोपेक्षा पुढचं आल्प ग्र्यूम स्थानक निवडा, २०९१ मीटरवर. तिथे गाडीरस्ता पोचत नाही, रेल्वेनेच जावं लागतं. समोर पाल्यू हिमनदी, खाली हजार मीटर खोल पोस्कियावोचं खोरं, आणि स्थानकातच उपाहारगृह. एक तास तिथे पुरतो. सोबतच्या ज्येष्ठांना सांगा: इतक्या उंचीवर भराभर चालू नये, कानात दडे बसतात ते आवंढा गिळला की सुटतात.

*सावध:* या मार्गावरच्या लहान थांब्यांवर गाडी मागणी असेल तरच थांबते. डब्यातलं बटण दाबलं नाही तर गाडी थांबत नाही, आणि फलाटावर उभे असाल तर तिथलंही बटण दाबावं लागतं. नुसता हात दाखवून भागत नाही. निघण्याआधी अॅपमध्ये आपला थांबा मागणीचा आहे का ते बघा.

आल्प ग्र्यूमनंतर उताराची नागमोडी सुरू होते. ल प्रेझे गावात गाडी ट्रामसारखी रस्त्यावरून, मोटारींच्या शेजारून जाते. ब्रुझिओला नऊ कमानींचा गोल पूल: गाडी त्यावरून जाते, पूर्ण फेरी मारते आणि त्याच पुलाच्या कमानीखालून निघते. हेही उजवीकडून, आणि हेही मिनिटभरात. शेवटी टिरानोत शिरताना ती मादोन्ना दि टिरानो या चर्चसमोरचा चौक ओलांडते.

टप्पा ८: टिरानोत उतरल्यावर

पहिलं काम जेवण. इटलीत दुपारचं स्वयंपाकघर साधारण बारा ते अडीच. तीनला पोचलात तर कॉफी आणि सँडविचवर भागवावं लागतं. तेव्हा दीडपर्यंत टिरानोत असाल अशा बेताने वरून निघा. शाकाहारींसाठी इथली खास वस्तू म्हणजे पित्सोकेरी: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, कोबी, बटाटा आणि भरपूर चीज. एक प्लेट दोघांत घ्या, जड असते. इथे युरो चालतात. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं.

परत जायचं असेल तर आधी परतीच्या गाडीची वेळ बघून मगच गावात शिरा. येताना उजवीकडे बसलात, आता जाताना डावीकडे.

पुढे मिलानला जायचं असेल तर इटालियन रेल्वेचं स्थानक त्याच चौकात, शेजारीच आहे. थेट गाडीला अडीच तास लागतात आणि वाटेत कोमो तळ्याचा काठ लागतो, तो उजवीकडे. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारल्याशिवाय चढू नका, इथे तो दंडाचा विषय आहे. या मार्गावर उन्हाळ्यात कधी कधी कामासाठी गाड्या बंद ठेवून बस लावतात. संध्याकाळचं विमान मिलानहून असेल तर हा पट्टा त्याच दिवशी ठेवू नका, आदल्या रात्री मिलान गाठा.

उन्हाळी हंगामात टिरानोहून लुगानोला बर्निना एक्स्प्रेसच्याच नावाची बस जाते. तिलाही जागेचं आरक्षण आधी लागतं. चौकात उभं राहून ती मिळेल या भरवशावर कोणी राहू नये. माझ्या मावसभावाने राहून पाहिलं आणि त्या रात्री त्याने टिरानोत पित्सोकेरी दुसऱ्यांदा खाल्ली.